शाकारणीत बॅटरीची नेलगन: रिपा ठोकताना झालेल्या एका अपघाताचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

दापोली तालुक्यात समुद्रापासून दीड-दोन किलोमीटरवर असलेल्या एका गावातले हे शाकारणीचे, म्हणजे पावसाआधी छप्पर दुरुस्त करण्याचे काम. माणसांची आणि गावाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मापे, कामाचा क्रम आणि चुका मात्र जशा होत्या तशाच दिल्या आहेत.

घर जांभ्याच्या भिंतींचे, दुपाखी (पाखे म्हणजे छपराचा एक उतार), मंगलोरी कौलांचे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात पुढच्या पाख्याची कौले आणि बहुतेक वासे गेले. ते पाखे नव्या वाशांवर पुन्हा उभे राहिले. मागच्या पाख्याचे आईन आणि किंजळीचे जुने वासे शाबूत होते, म्हणून तसेच ठेवले. आता दोन्हीकडच्या रिपा, म्हणजे वाशांवर आडव्या ठोकलेल्या, कौले टेकवायच्या लाकडी पट्ट्या, बदलायच्या होत्या: पुढच्या घाईघाईत हलक्या लाकडाच्या बसवलेल्या होत्या, मागच्या वाळवीने पोखरल्या होत्या. रीप दोन इंच रुंद, एक इंच जाड. दोन रिपांमधले अंतर साडेबारा इंच. एका पाख्यावर १३ ओळी, प्रत्येक ओळीखाली २५ वासे. म्हणजे एका पाख्याला सव्वातीनशे खिळे.

काम मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाले. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे. दापोलीच्या बाजूला तो त्याआधीच येतो आणि वळवाची सर तर मेमध्ये कधीही पडते. कौले उतरवलेल्या घरावर एक सर पडली तरी माजघरातल्या धान्यापासून भिंतीच्या मातीपर्यंत सगळे भिजते. ठेकेदाराने या हंगामात प्रथमच १८ व्होल्ट बॅटरीची नेलगन (खिळे ठोकायचे यंत्र) आणली त्यामागे ही घाई होती. दुसरे कारण विजेचे. मेमध्ये तिकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे हवेवर चालणाऱ्या गनला लागणाऱ्या कॉम्प्रेसरवर विसंबता येत नाही.

पथकात पाच माणसे होती: ठेकेदार, तीस वर्षे हातोडीवर काम केलेला मिस्त्री, त्याचा पुतण्या आणि दोन मदतनीस. गन पुतण्याच्या हातात आली, कारण ती त्यालाच जमेल असे सगळ्यांनी धरून चालले. बॅटरीसह तिचे वजन चार किलोंच्या आसपास. खिळे ६५ मिलिमीटरचे, पूर्ण डोक्याचे, प्लास्टिकच्या पट्टीत ओवलेले. फर्निचरवाले प्लायवूडला मारतात त्या १८ गेजच्या बारीक पिना या कामाला चालत नाहीत, त्यांना रीप धरून ठेवण्याइतके डोकेच नसते.

गनचे काम थोडक्यात असे. खिळा जिथून सुटतो त्या टोकाशी एक सरकता भाग असतो. त्याला या लेखात चोच म्हटले आहे. चोच लाकडावर दाबली गेल्याशिवाय ट्रिगर ओढूनही खिळा सुटत नाही. गनवर मोड बदलायचा एक खटका होता. त्याच्या एका बाजूला एक खिळा आणि दुसऱ्या बाजूला तीन खिळे असे चित्र होते. एकेरी मोडमध्ये आधी चोच टेकवायची, मग ट्रिगर ओढायचा आणि पुढच्या खिळ्यासाठी दोन्ही सोडून पुन्हा त्याच क्रमाने जायचे. सलग मोडमध्ये ट्रिगर ओढून धरला की चोच जिथे टेकेल तिथे खिळा सुटतो. दुकानातून आणताना खटका तीन खिळ्यांच्या चित्रावर होता आणि तो तिथेच राहिला. सोबतची पुस्तिका इंग्रजीत होती. ती खोक्यातच राहिली.

पहिले दोन दिवस

पुढच्या पाख्याचे काम, दोन ओळी सोडल्या तर, अपेक्षेपेक्षा खूप वेगाने झाले. हातोडीने दोन माणसांना दीड दिवस लागणारे खिळे अर्ध्या दिवसात बसले. नवे वासे मऊ, सरळ, गाठी कमी. खिळा रिपेच्या पृष्ठाशी सपाट बसत होता.

याच दोन दिवसांत दोनदा एकाच जागी दोन खिळे सुटले. एकदा तर दुसरा खिळा पहिल्याच्या डोक्यावर आपटून कौलांच्या ढिगात जाऊन पडला. पुतण्या म्हणाला, "काका, ही कधी कधी डबल मारते." मिस्त्रीने तो खिळा हातोडीने वाकवून टाकला आणि काम पुढे चालू राहिले.

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय इथे झाला, खरे तर झालाच नाही. डबल मारणे हा गनचा स्वभाव नव्हता. सलग मोडमध्ये बोट ट्रिगरवर असताना खिळा सुटला की गन धक्क्याने मागे उसळते, हात तिला पुन्हा खाली दाबतो, चोच परत टेकते आणि दुसरा खिळा सुटतो. हे सगळे हाताच्या प्रतिक्रियेपेक्षा लवकर होते. खिळा कुठे जाणार हे ठरवायला माणसाला वेळच मिळत नाही. कोणालाही न लागलेला दुसरा खिळा हीच सूचना होती. त्या वेळी खटका पाहिला असता तर एका मिनिटाचे काम होते.

अडचण

तिसऱ्या दिवशी गन मागच्या पाख्यावर गेली आणि सगळे बदलले.

जुना आईन आणि किंजळ वर्षानुवर्षे सुकून दगडासारखे झाले होते. वाशांत पूर्वीच्या रिपांचे खिळे होते, काही डोक्यासकट, काही डोके तुटून आत राहिलेले. दिसणारे खिळे पक्कडीने काढले होते. लाकडात बुडालेले तसेच राहिले. खिळा कधी पूर्ण बसे, कधी पाव इंच वर राही. वर राहिला की पुतण्या गन आणखी जोरात दाबे, म्हणजे पुढचा धक्का आणखी मोठा. बॅटऱ्या अंगणातल्या जांभ्यावर उन्हात पडलेल्या होत्या. तापलेली बॅटरी ताकद कमी देते, नाहीतर गन स्वतःच बंद पडते. त्या सकाळी दोनदा गन थांबली, पण 'चार्ज संपला' असे समजून फक्त बॅटरी बदलली गेली.

मदतनीस पाख्याच्या उताराकडे बसून रीप धरत होता. त्याचा डावा हात वाशाला खेटून, चारही बोटे रिपेच्या खालच्या कडेभोवती वळलेली. हातोडीच्या कामात हीच धरणी शिकवली जाते आणि ती बरोबरही आहे. हातोडीचा खिळा चार-पाच ठोक्यांत आत जातो. पहिल्या ठोक्यातच तो तिरपा चाललाय हे दोघांनाही दिसते आणि हात बाजूला घ्यायला वेळ मिळतो. वाशाजवळ घट्ट धरलेली रीप नाचत नाही, खिळा वाकत नाही. मदतनीस दहा-बारा वर्षे असेच धरत आला होता. गनचा खिळा डोळ्याला दिसायच्या आत पूर्ण आत गेलेला असतो. जुनी धरणी आणि नवे हत्यार यांची गाठ पडेल तिथे अपघात होणार होता, तो त्या वाशावर झाला.

सकाळी साडेअकराच्या सुमारास नवव्या वाशावर पहिला खिळा आत राहिलेल्या जुन्या खिळ्यावर आदळला आणि इंचभर वर राहिला. गन उसळली, मदतनिसाकडे किंचित कलली, चोच रिपेच्या खालच्या कडेजवळ टेकली. बोट ट्रिगरवरच होते. दुसरा खिळा तिरपा शिरला, रिपेच्या कडेतून बाहेर आला आणि मदतनिसाच्या डाव्या तर्जनीच्या मधल्या पेरातून आरपार गेला. खिळ्याचे डोके लाकडात, टोक बोटाच्या पलीकडे. बोट रिपेला खिळले गेले. पहिल्या खिळ्यापासून ते बोट अडीच इंचांवर होते.

नेलगनच्या सुरक्षेबद्दल अमेरिकेतल्या ओशा आणि नायोश या सरकारी संस्थांनी २०११ मध्ये बांधकाम ठेकेदारांसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यात हात खिळा सुटण्याच्या जागेपासून किमान १२ इंच दूर ठेवायला सांगितले आहे. एकेरी मोड सलग मोडपेक्षा सुरक्षित आहे हेही तिथे ठामपणे लिहिले आहे. नेलगनच्या निम्म्याहून जास्त जखमा हाताला आणि बोटांना होतात, असेही तिच्यात नोंदवले आहे. अडीच इंच आणि १२ इंच यांतला फरक या पथकाला कोणी सांगितला नव्हता.

छपरावरचे निर्णय

अपघातानंतरची पहिली पंधरा मिनिटे मिस्त्रीने सांभाळली. तो भाग तपशिलाने देण्यासारखा आहे, कारण तिथे बऱ्याच जागी चुकता आले असते.

त्याने आधी पुतण्याला ओरडून सांगितले, "बॅटरी काढ, गन ठेव." उतारावर भरलेली, बॅटरी लावलेली गन घसरली असती तर दुसरा जखमी झाला असता. मग मदतनिसाला म्हणाला, "ओढू नको हां, हात तसाच ठेव." जखमी माणूस पहिल्या झटक्यात हात ओढतो. ओढला असता तर खिळ्याने बोट फाडले असते.

पुढचा प्रश्न बोट सोडवायचे कसे, हा होता. तीन मार्ग समोर होते. पहिला, हातोडीच्या फटीने खिळा उपटणे. ठेकेदाराला तोच सुचला, कारण तो अर्ध्या मिनिटात झाला असता. पण पट्टीतल्या खिळ्यावर प्लास्टिकचे तुकडे आणि डिंक चिकटलेला असतो. उपटताना ते जखमेत अडकतात. शिवाय हाड फुटले आहे की नाही हे बाहेरून कळत नाही आणि खिळा आत असेपर्यंत तो रक्तस्रावही दाबून धरतो. दुसरा मार्ग, बोटाच्या पलीकडचे टोक कापून बोट सरकवून बाहेर काढणे. त्यात कापताना खिळा थरथरतो आणि जखमेतून गंजाचा, लाकडाचा कण आत ओढला जातो. तिसरा, रीप दोन्ही बाजूंनी कापून बोट तुकड्यासकट खाली नेणे. मिस्त्रीने तिसरा निवडला. तो निर्णय योग्य होता.

कापण्यासाठी वीजकटर हाताशी होता, तो वापरला नाही. त्याची थरथर आणि बोटाजवळचे पाते, दोन्ही नको होते. बारीक दातांची हातकरवत घेतली. आधी मोकळ्या बाजूने, बोटापासून पाच इंचांवर कापले, कारण दुसरी बाजू वाशावर पक्की असल्याने रीप हलत नव्हती. मग पहिला खिळा आणि बोट यांच्या मधल्या अडीच इंचांत हॅकसॉच्या (लोखंड कापायच्या करवतीच्या) सुट्या पात्याने, एका बाजूला कापड गुंडाळून, सावकाश. दुसऱ्या मदतनिसाने कापला जाणारा तुकडा तळव्यावर तोलून धरला होता, त्यामुळे शेवटचा धागा तुटताना तो खाली लटकला नाही. कापायला चारेक मिनिटे लागली. नंतर तुकडा आणि हात एकत्र, स्वच्छ पंचाने, खिळ्यावर दाब न देता बांधले. शेजारच्या बोटातली तांब्याची अंगठी लगेच काढली. सूज आल्यावर ती कापूनच काढावी लागली असती.

उतरवताना एक माणूस पुढे शिडीवर आणि एक वर, मदतनिसाच्या कमरेला दोर. तो दोर काम करतानाही बांधलेला असायला हवा होता, ही गोष्ट पथकाने नंतर मान्य केली. अंगाला खिळा लागलेला माणूस दचकून उतारावरून पडतो तेव्हा बोटाची जखम ही किरकोळ बाब ठरते.

कुठे न्यायचे हा पुढचा प्रश्न. प्राथमिक आरोग्य केंद्र तीन किलोमीटरवर होते, तालुक्याचे रुग्णालय चौदा किलोमीटरवर. ठेकेदाराने फोन करून एक्स-रे कुठे निघेल ते विचारले आणि थेट तालुक्याला नेले. आधी जवळच्या केंद्रात गेले असते तर तिथून पुन्हा पाठवले गेले असते आणि तासभर गेला असता. माणूस शुद्धीत होता, रक्त कमी जात होते, म्हणून घरमालकाची गाडी पुरली. छाती, मान, डोके किंवा डोळा यांना खिळा लागला असता, किंवा माणूस खाली पडला असता, तर न हलवता १०८ ला फोन करणे हाच मार्ग होता.

रुग्णालयात एक्स-रेमध्ये हाडाचा कपचा निघालेला दिसला, सांधा वाचला होता. बोट बधिर करून खिळा काढला, जखम धुतली, प्लास्टिकचे दोन कण निघाले. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि प्रतिजैविके दिली. मदतनीस पाच आठवडे कामावर नव्हता.

अपघातानंतर गनची तपासणी

दुसऱ्या दिवशी काम बंद ठेवून गन जमिनीवर तपासली. बॅटरी काढून, खिळे काढून चोच दहा वेळा दाबली. सात वेळा ती लगेच परत आली, तीन वेळा रेंगाळली. आत भुसा आणि तेल यांचा काळा लगदा होता. पुतण्याला एका फर्निचरवाल्याने सांगितले होते की गनला रोज दोन थेंब तेल लागते. हवेवर चालणाऱ्या गनला ते खरोखर लागते. बॅटरीच्या या गनच्या पुस्तिकेत तेल सोडू नका असे लिहिले होते. किनाऱ्यावरच्या हवेत मीठ असते, दमट भुसा तेलावर चिकटतो आणि चोचीची स्प्रिंग जड होते. रेंगाळणारी चोच म्हणजे दाबलेली राहण्याची शक्यता असलेली चोच. ती दाबलेली राहिली तर गनचे एक कुलूप कायमचे उघडे राहते.

कोरड्या ब्रशने आणि कापडाने साफ केल्यावर चोच दहाही वेळा परत आली. पण अपघाताचे मुख्य कारण चोच नव्हती. ती स्वच्छ असती तरी सलग मोडमध्ये हेच घडले असते.

पुढे काय करायचे: तोललेले पर्याय

मागचे पाखे उघडे होते आणि आभाळ भरून येत होते. चार पर्यायांवर चर्चा झाली.

मिस्त्रीचे मत होते की हातोडीवर परत जावे. त्यात तथ्य होते: हातोडीने खिळा सावकाश जातो. पण सुकलेल्या आईनात हातोडीचाही खिळा वाकतो, आधी भोक पाडावे लागते. शिवाय कौले आठ दिवसांत चढणे अवघड होते.

दुसरा पर्याय कॉम्प्रेसर आणि हवेची गन. त्यासाठी जनरेटर आणावा लागला असता आणि उतारावर हवेची नळी पायात आली असती. बाजारात सहज मिळणाऱ्या स्वस्त एफ-३० गन तीस मिलिमीटरच्या पिनांच्या असतात, रिपेला निरुपयोगी. त्यातल्या काहींना चोचीचे कुलूपही नसते. हा पर्याय लगेच बाद झाला.

तिसरा पर्याय तीच गन, एकेरी मोडमध्ये, नव्या पद्धतीने. चौथा, बॅटरीच्या ड्रायव्हरने स्क्रू. स्क्रूला साडेतीन मिलिमीटरचे भोक पाडून ६५ ते ७५ मिलिमीटरचा गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) स्क्रू फिरवायचा. वेळ जास्त लागतो, पण सुटून जाणारी वस्तू नसते. जुन्या खिळ्याला ड्रिलचे टोक लागले तर ते थांबते आणि भोक दीड इंच सरकवून दुसरे पाडता येते. वादळात कौलाखालच्या रिपांना वर उचलणारा जोर येतो, तेव्हा स्क्रूची पकड खिळ्यापेक्षा चांगली असते हाही फायदा. समुद्राजवळ साधे लोखंडी खिळे-स्क्रू काही पावसाळ्यांतच गंजतात, म्हणून गॅल्व्हनाइज्डच घेतले.

शेवटी मिश्र मार्ग ठरला. जुन्या वाशांवर फक्त स्क्रू. पुढच्या पाख्यावर राहिलेल्या दोन ओळी गनने, एकेरी मोडमध्ये. रिपेचे टोक, जोड आणि कोनवाशाकडची (कोपऱ्यातल्या तिरप्या वाशाकडची) जागा, जिथे गन सरळ टेकत नाही, तिथे हातोडी किंवा स्क्रू. हे वाटप पहिल्या दिवशीच करता आले असते. मागच्या पाख्यावर गन नेण्याआधी एका जुन्या वाशाच्या तुकड्यावर पाच खिळे मारून पाहिले असते तर लाकूड काय म्हणते ते दहा मिनिटांत कळले असते.

बदललेली पद्धत

गन हातात घेण्याआधीची चाचणी आता ठरलेली आहे. खटका एका खिळ्यावर आणि त्यावर चिकटपट्टी, म्हणजे हात लागून सरकणार नाही. बॅटरी नसताना चोच दहा वेळा दाबून पाहायची. मग खिळे भरायचे आणि बॅटरी सर्वांत शेवटी, चोच माणसांपासून दूर लाकडाकडे रोखून. त्यानंतर जमिनीवरच्या जाड ओंडक्यावर उलटा क्रम करून पाहायचा: आधी ट्रिगर ओढून धरायचा, मग चोच टेकवायची. खिळा सुटता कामा नये. सुटला तर खटका चुकीच्या बाजूला आहे किंवा गन बिघडली आहे, आणि ती त्या दिवशी छपरावर चढत नाही. ही एक चाचणी दुकानातून आणल्याबरोबर केली असती तर गन सलग मोडवर आहे हे पहिल्याच सकाळी उघड झाले असते.

रीप धरायला हात नको. दोन्ही टोकांना हातोडीने एकेक खिळा अर्धवट मारून रीप जागेवर थोपवायची, मध्ये दोन ठिकाणी क्लॅम्प. अंतरासाठी साडेबारा इंचांचा लाकडी ठोकळा. मदतनीस रीप सरळ ठेवतो तो खिळ्यापासून दोन वासे दूर बसून, म्हणजे जवळजवळ तीन फुटांवर. १२ इंच हा किमान आकडा आहे. उतारावर घसरण्याची शक्यता धरून पथकाने तो वाढवला. हातमोजे चालतात, पण खिळ्याला ते कापडापेक्षा जास्त काही नसतात, म्हणून मोज्यांवर भिस्त ठेवून हात जवळ आणायचा नाही.

वाशाची मध्यरेषा गेरूत भिजवलेल्या दोरीने रिपांवर उमटवायची. रेषेच्या बाहेर गेलेला ६५ मिलिमीटरचा खिळा एक इंचाची रीप सहज पार करून खाली माजघरात पडतो. पहिल्या दोन दिवसांत असे तीन खिळे जमिनीवर सापडले होते आणि त्या वेळी घरातली माणसे स्वयंपाक करत होती. आता खिळे चालू असताना त्या खोलीत कोणी जात नाही, दाराला दोरी बांधलेली असते.

गन दोन्ही दिशांनी काटकोनात. कोनात गन टेकवून 'होईल' म्हणायचे नाही, तिथे हातोडी. रिपेच्या टोकापासून दोन इंच आत, नाहीतर लाकूड चिरते आणि चिरेतून खिळा बाजूला निघतो. गाठ दिसली की जागा सरकवायची. खिळा सुटल्यावर गनला उसळू द्यायचे, तिला खाली रेटायचे नाही, ट्रिगरवरून बोट काढायचे आणि मग उचलायची. खिळा वर राहिला तर गनचा दुसरा खिळा नाही, हातोडी. सलग दोन-तीन खिळे वर राहिले तर खिळा किती आत जाईल ते ठरवणारे गनवरचे चाक, बॅटरीचे तापमान आणि लाकूड, या तिघांपैकी काहीतरी बदलले आहे असे धरून थांबायचे. बॅटऱ्या ओल्या गोणपाटावर नव्हे, कोरड्या सावलीत, ओटीवर. तापलेली बॅटरी निवल्याशिवाय चार्जरला लावायची नाही.

खिळा अडकला की बॅटरी काढायची आणि मग थोडे थांबायचे. काही गन आत फिरणाऱ्या चक्रावर चालतात, ते बॅटरी काढल्यावरही काही क्षण फिरत राहते. काहींत दाबलेली हवा किंवा नायट्रोजन असतो, त्यांचे पाते अडकलेला खिळा निघताच उसळू शकते. म्हणून चोचीचे झाकण उघडताना तोंड आणि बोटे खिळ्याच्या रेषेत नकोत, अडकलेला तुकडा स्क्रूड्रायव्हरने काढायचा. शिडी चढताना गन हातात नाही. बॅटरी खिशात, गन दोरीने वर.

चष्म्याबाबत पथकात कुरकूर झाली. मेच्या घामाने तो धुरकट होतो. तरीही तुटलेला खिळा आणि पट्टीचे प्लास्टिक चेहऱ्याच्या दिशेने उडते, म्हणून भारतीय मानक आयएस ५९८३ चा, बाजूंना झाकण असलेला चष्मा गन चालवणाऱ्याला आणि जवळच्या माणसाला सक्तीचा केला. धुरकटला की थांबून पुसायचा. सकाळी सात ते अकरा गन, दुपारी कौले मोजणे आणि लाकूड कापणे, असा दिवस मांडल्यावर चष्म्याची तक्रार बरीचशी मिटली.

परिणाम

मागचे पाखे स्क्रूंनी तीन दिवसांत पुरे झाले. पहिल्या पावसाआधी कौले चढली. पुढच्या पाख्याच्या दोन ओळींत गनने पन्नास खिळे मारले, एकदाही डबल सुटला नाही. एकेरी मोडमुळे वेळ किती वाढतो हेही कळले: पन्नास खिळ्यांना मिस्त्रीच्या अंदाजाने दहा मिनिटे जास्त.

उपचाराचा खर्च आणि पाच आठवड्यांची मजुरी ठेकेदाराने दिली. मदतनीस बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदलेला नव्हता. वर्षात नव्वद दिवस काम केल्याच्या दाखल्यावर ती नोंदणी होते, पण हंगामी शाकारणीवाल्यांपैकी फार थोडे जण ती करतात. पथकातल्या सर्वांची नोंदणी त्यानंतर झाली.

काय वेगळे करता आले असते

गन कोणाच्या हातात द्यायची हा निर्णय वयावर झाला, अनुभवावर नाही. पुतण्याला यंत्र चालवता येत होते, लाकूड मात्र मिस्त्रीला कळत होते. मिस्त्री गनला हात लावायला तयार नव्हता आणि कोणी आग्रहही केला नाही. मागच्या पाख्यावर गन त्याच्या हातात असती तर पहिला खिळा वर राहताच त्याने थांबवले असते, कारण जुन्या किंजळीचा आवाज तो ओळखतो. यंत्र शिकायला लागणारा अर्धा तास लाकूड शिकायला लागणाऱ्या तीस वर्षांपेक्षा स्वस्त होता.

दुसरे, मदतनिसाला कोणी विचारले नाही. डबल खिळा सुटताना तो दोन्ही वेळा जवळ होता. नंतर त्याने सांगितले की दुसऱ्या वेळी त्याला भीती वाटली होती, पण घाई दिसत होती म्हणून तो बोलला नाही. आता गनच्या कामाच्या दिवशी सकाळी पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो, कारण खिळ्याच्या समोर हात त्याचा असतो.

एक अडचण अजून सुटलेली नाही. कोनवाशाजवळ रिपा तिरप्या कापून बसतात, तिथे क्लॅम्प धरत नाही आणि तुकडा इतका आखूड असतो की अर्धवट खिळा मारला की तो चिरतो. सध्या तिथे आधी भोक, मग स्क्रू, आणि तुकडा धरायला लांब दांड्याची पक्कड. मदतनिसाची तर्जनी पहिल्या पेरात पूर्ण वाकत नाही. तो आता ठोकळा लावून अंतर पाहतो आणि पक्कड उजव्या हाताने धरतो.